दोन लाल बटणं आणि एक चूक : स्टार्टरपासून सरकारी अटींपर्यंत ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’चं गणित

विशेष लेख | प्रतिनिधी

मोटार विहिरीवर आणि घर वस्तीवर, अशी स्थिती बहुतेक शेतकऱ्यांची आहे. रात्रीच्या लाईटला दर वेळी अंधारातून विहिरीवर जायला नको म्हणून बरेच जण स्टार्टरपासून वायर ओढून घराच्या भिंतीवर दुसरी पेटी बसवून घेतात. तिच्यातही एक हिरवं बटण, एक लाल बटण. कुठूनही चालू करा, कुठूनही बंद करा, असा साधा हिशोब.

ही पेटी जोडताना नवखा माणूस काय करतो बघा. दोन्ही हिरवी बटणं एकमेकांना पॅरलल जोडतो. ते बरोबर आहे. मग त्याच हिशोबानं दोन्ही लाल बटणंही पॅरलल जोडतो. घरचं हिरवं बटण दाबून बघतो, मोटार चालू होते, पैसे घेऊन तो निघून जातो. संध्याकाळी घरचं लाल बटण दाबलं तर मोटार थांबत नाही. विहिरीवर जाऊन तिथलं दाबलं, तरी थांबत नाही. दोन माणसांनी दोन ठिकाणी एकाच वेळी दाबलं तरच थांबते.

बटण खराब नाही, वायर तुटलेली नाही, मोटारीत दोष नाही. चूक आहे ती ‘आणि’ व ‘किंवा’ या दोन शब्दांची. पाण्याच्या वेळी ती चूक नुसता वैताग देते. पण मोटारीच्या पत्र्यात करंट उतरलाय, माणूस चिकटलाय आणि घरातलं कोणी जीव तोडून लाल बटण दाबतंय, अशा वेळी तीच चूक जिवावर बेतते.

या दोन शब्दांचं आणि ‘नाही’ या तिसऱ्या शब्दाचं एक पक्कं गणित आहे. त्याला बूलियन अल्जेब्रा किंवा बूलीय बीजगणित म्हणतात. नाव जड आहे, गणित नाही. यात आकडे दोनच, ० आणि १. गोष्ट खरी असेल तर १, खोटी असेल तर ०. लाईट आहे १, लाईट नाही ०. हातातला मोबाईल याच दोन आकड्यांवर चालतो.

स्टार्टरचं वाक्य

स्टार्टरमधली वायर म्हणजे एक वाक्य समजा. दोन खटके एकापाठोपाठ एक जोडले, म्हणजे सिरीजमध्ये, तर करंट पुढं जायला पहिला आणि दुसरा दोन्ही लागलेले हवेत. सिरीज म्हणजे ‘आणि’. दोन खटके शेजारी शेजारी जोडले, म्हणजे पॅरलल, तर पहिला किंवा दुसरा, कोणताही एक लागला तरी पुरे. पॅरलल म्हणजे ‘किंवा’. पाटाच्या पाण्याचंही असंच असतं. एकाच चारीवर दोन दारं असली तर दोन्ही उघडावी लागतात, दोन वेगळ्या चाऱ्या असल्या तर एक उघडली तरी रानात पाणी येतं.

आता ‘नाही’. स्टार्टरचं हिरवं बटण दाबल्यावर जोडतं. लाल बटण उलटं असतं. ते एरवी जोडलेलं असतं आणि दाबल्यावर तुटतं. वायरमन याला एनसी म्हणतात. म्हणजे लाल बटणातून करंट जातोय याचा अर्थ ‘लाल दाबलेलं नाही’. असं उलटं बटण ठेवण्यामागं शहाणपण आहे. उंदरानं किंवा नांगरानं त्या बटणाची वायर तोडली तर मोटार आपोआप थांबते. सरळ बटण असतं तर वायर तुटल्यावर मोटार बंदच करता आली नसती.

हिरवं बटण दाबून बोट काढलं तरी मोटार चालू राहते, कारण आत कॉन्टॅक्टर ओढला गेला की त्याचीच एक छोटी पट्टी हिरव्या बटणाला पॅरलल लागते. तिला होल्डिंग म्हणतात. मोटारीनं जास्त अँपियर खेचले तर ओव्हरलोड उडतो, तोही लालसारखाच उलटा खटका. हे सगळं एका ओळीत असं :

मोटार चालू = (हिरवं दाबलंय किंवा होल्डिंग लागलंय) आणि (लाल दाबलेलं नाही) आणि (ओव्हरलोड उडालेला नाही)

गावातल्या बहुतेक साध्या स्टार्टरचं वाक्य हेच आहे.

दोन पेट्यांकडं येऊ. आपल्याला हवं आहे : विहिरीवरचं लाल दाबलं किंवा घरचं लाल दाबलं, तर मोटार बंद. बोलताना आपण ‘किंवा’ म्हणालो, म्हणून नवखा माणूस पॅरलल जोडतो. पण वायरमधून करंट जातो तो मोटार ‘चालू राहावी’ म्हणून. तर विचारायचं असं : मोटार चालू कधी राहील? विहिरीवरचं लाल दाबलेलं नाही आणि घरचंही दाबलेलं नाही, तेव्हा. वाक्य उलटं केलं की ‘किंवा’चा ‘आणि’ झाला. म्हणून लाल बटणं सिरीजमध्येच लागतात.

हा नियम डी मॉर्गनचा म्हणून ओळखला जातो. ‘नाही’ कंसाच्या आत शिरला की आतल्या प्रत्येकाला ‘नाही’ लागतो, ‘किंवा’चा ‘आणि’ होतो आणि ‘आणि’चा ‘किंवा’ होतो. नियम न शिकताही आपण तो रोज वापरतो. पाऊस आला किंवा गारा पडल्या तर उघड्यावरचा कांदा जाणार. कांदा वाचायचा तर पाऊसही नको आणि गाराही नकोत. उलट बाजूनं बघा : कर्जाच्या फाईलला सातबारा आणि आठ-अ दोन्ही लागतात. फाईल अपुरी म्हणून परत आली, म्हणजे सातबारा नाही किंवा आठ-अ नाही, कदाचित दोन्ही नाहीत.

जोडणी वायरमननंच करायची, स्टार्टर आपण उघडायचा नाही. पण काम झाल्यावर तपासणी आपली. मोटार चालू करून फक्त घरचं लाल दाबायचं, थांबली पाहिजे. पुन्हा चालू करून फक्त विहिरीवरचं दाबायचं, तेव्हाही थांबली पाहिजे. दोन्ही परीक्षा झाल्याशिवाय माणसाला जाऊ द्यायचं नाही. बरेच जण फक्त ‘चालू होते का’ एवढंच बघतात.

चांभाराचा मुलगा आणि मदुराईत जन्मलेला मास्तर

हे गणित ज्याच्या नावानं ओळखलं जातं तो जॉर्ज बूल १८१५ साली इंग्लंडमधल्या लिंकन गावात जन्मला. बाप जोडे शिवायचा. घरची स्थिती बेताची, म्हणून सोळाव्या वर्षीच पोरगा शाळामास्तर झाला. कॉलेजची पदवी कधीच मिळाली नाही, गणित स्वतःच पुस्तकं वाचून शिकला. १८४७ मध्ये त्यानं तर्काच्या गणितावर पहिलं छोटं पुस्तक काढलं, १८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथल्या कॉलेजात प्राध्यापक झाला, १८५४ मध्ये मोठा ग्रंथ आला. १८६४ च्या हिवाळ्यात पावसात भिजून शिकवायला गेला, आजारी पडला आणि ४९ व्या वर्षी गेला. त्याची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी, म्हणजे ज्याचं नाव एव्हरेस्ट शिखराला दिलं त्या भारताच्या सर्व्हेअर जनरलची.

ज्याच्या नावाचा उलटा नियम वर आला तो ऑगस्टस डी मॉर्गन तर जन्मानं इथलाच. १८०६ मध्ये मदुराईत जन्मला, बाप कंपनी सरकारच्या फौजेत. लहानपणीच एक डोळा गेला. पुढं लंडनला गणिताचा प्राध्यापक झाला. दिल्लीतले गणिताचे शिक्षक रामचंद्र यांचं पुस्तक १८५९ मध्ये लंडनमध्ये छापून आणण्यात त्याचाच पुढाकार होता.

या दोघांच्या काळात हे सगळं कागदावरचं गणित होतं. ते वायरमध्ये उतरवलं ते क्लॉड शॅनन या अमेरिकन पोरानं. तो लहान गावात वाढलेला. मित्राच्या घरापर्यंत तारेच्या कुंपणाची तार वापरून त्यानं लहानपणी तारयंत्र बनवलं होतं. १९३७ मध्ये, वय २१, त्यानं शोधनिबंधात दाखवलं की टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले, म्हणजे आपल्या कॉन्टॅक्टरचे धाकटे भाऊ, बूलच्या गणितानं मांडता येतात. मांडता आले की कमीही करता येतात. जपानमध्ये आणि रशियातही त्याच सुमाराला काही जण याच वाटेवर होते. कॉम्प्युटरची वायरिंग तिथून पुढं याच गणितावर आली.

वाक्य लहान करायचे नियम

या गणितात ‘आणि’ला गुणाकार आणि ‘किंवा’ला बेरीज म्हणतात. ० आणि १ ठेवून बघितलं तर पटतं. १ × १ = १, १ × ० = ०. दोन्ही हवेत, एक नसला की शून्य. १ + ० = १ हेही सरळ आहे. फक्त एक जागा अडखळायला लावते : १ + १ = १. कारण ‘खरं किंवा खरं’ म्हणजे खरंच, दुप्पट खरं असं काही नसतं.

तसंच अ × अ = अ. ‘पांढरी आणि पांढरी गाय’ म्हटलं तरी गाय पांढरीच. बूलच्या सगळ्या गणिताचा पाया हाच होता. नेहमीच्या आकड्यांत स्वतःला स्वतःनं गुणून तोच आकडा देणारे दोनच, ० आणि १. म्हणून त्यानं तेच घेतले.

अ + (अ नाही) = १. ‘लाईट आहे किंवा लाईट नाही’ हे कायम खरं, त्यातून माहिती काहीच मिळत नाही. अ × (अ नाही) = ०. ‘लाईट आहे आणि लाईट नाही’ हे कधीच खरं नाही.

अ + अ × ब = अ. सूचना अशी असली की ‘ज्यांच्याकडे सातबारा आहे, किंवा सातबारा व आधार दोन्ही आहे त्यांनी यावं’, तर ‘किंवा’नंतरचं सगळं खोडा. सातबारावाले आधीच आलेत.

अ + (अ नाही) × ब = अ + ब. ‘पाटाला पाणी असेल, किंवा पाटाला नसेल आणि विहिरीला असेल, तर ऊस भिजेल.’ मधलं ‘पाटाला नसेल’ काढून टाका, ‘पाटाला किंवा विहिरीला’ एवढ्यानं भागतं.

आणि शेवटी १ + काहीही = १. हा दिसायला सगळ्यात निरुपयोगी नियम, पण गावातल्या मोटारींवर लागू होतो तो हाच.

ऑटो लावला की हिरवं बटण जातं कुठं?

लाईट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो, होल्डिंग सुटतं, म्हणून लाईट परत आली तरी मोटार आपोआप चालू होत नाही. रात्री-बेरात्री उठायला नको म्हणून लोक ऑटो लावतात. साधा ऑटो म्हणजे हिरव्या बटणाला पॅरलल कायम लागलेला खटका. वाक्यात तो असा बसतो :

मोटार चालू = (हिरवं + होल्डिंग + १) × (लाल नाही) × (ओव्हरलोड नाही)

कंसात १ आला की पूर्ण कंस १. हिरवं बटण आणि होल्डिंग वाक्यातून गेलेच. उरलं काय? लाल दाबलेलं नाही आणि ओव्हरलोड उडालेला नाही, की मोटार चालू. यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे लाईट आली की माणूस असो नसो, मोटार सुरू. डीपीवरच्या सगळ्यांचे ऑटो लागलेले असले तर सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि ट्रान्सफॉर्मरवर भार येतो. ऑटो वापरू नका, कपॅसिटर बसवा, असं महावितरण सांगत असतं ते यामुळं.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. साधा ऑटो लागलेला असताना लाल बटण दाबलं, मोटार थांबली, बोट काढलं की ‘लाल दाबलेलं नाही’ पुन्हा खरं होतं आणि मोटार पुन्हा चालू होते. काही ऑटोंमध्ये टायमर असतो, ते थोडा वेळ थांबून चालू करतात. म्हणजे लाल दाबून, मोटार थांबली असं समजून माणूस हात घालतो आणि तेवढ्यात ती फिरते. मोटारीला, पाईपला, फूट व्हॉल्व्हला हात लावायच्या आधी मेन स्विच खाली ओढून लाईट तोडायची, लाल बटणावर भरवसा ठेवायचा नाही. मेन स्विच सगळ्या वाक्याशी ‘आणि’नं जोडलेला असतो. तो ० झाला की बाकी काहीही असो, उत्तर ०.

नऊ खटक्यांचं काम तीन खटक्यांत

आता खरी सोपी करण्याची कसरत एकदा पूर्ण करू. समजा एका शेतकऱ्यानं पॅनल बनवणाऱ्याला आपली गरज अशी सांगितली. विहिरीत पाणी आहे, टाकीत जागा आहे आणि मोबाईलवरून चालू केली, तर मोटार चालावी. विहिरीत पाणी आहे, टाकीत जागा आहे आणि मोबाईलवरून काही सांगितलं नाही, तरी चालावी, टाकी आपोआप भरावी. विहिरीत पाणी आहे, टाकी भरलेली आहे, पण मोबाईलवरून चालू केली, तर थेट रानाला पाणी द्यायचं असेल म्हणून चालावी.

तिन्ही बरोबर आहेत. माणूस बोलतो ते असंच, एकेक प्रसंग आठवून. पॅनलवाल्यानं जसंच्या तसं जोडलं तर प्रत्येक प्रसंगाला तीन खटके, एकूण नऊ.

‘विहिरीत पाणी’ला व, ‘टाकीत जागा’ला ट, ‘मोबाईलवरून चालू’ला म म्हणू.

चालू = व × ट × म + व × ट × (म नाही) + व × (ट नाही) × म

पहिल्या दोन तुकड्यांत व × ट सारखंच आहे, फरक फक्त म आणि म-नाहीचा. व × ट बाहेर काढलं की कंसात (म + म नाही) उरतं, म्हणजे १. त्या दोघांचं मिळून राहिलं फक्त व × ट. टाकीत जागा असेल तर मोबाईलवरून सांगा न सांगा, फरक पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चालू = व × ट + व × (ट नाही) × म

आता दोन्हींत व आहे, तो बाहेर काढा.

चालू = व × (ट + (ट नाही) × म)

कंसातलं रूप मघाशी पाट आणि विहिरीचं पाहिलं तेच. ‘ट नाही’ गळून जातं.

चालू = व × (ट + म)

विहिरीत पाणी हवं, आणि टाकीत जागा किंवा मोबाईलचा आदेश यांपैकी एक हवं. नऊ खटक्यांचे तीन झाले. एक सिरीजमध्ये, दोन पॅरलल. खटका कमी म्हणजे पैसा कमी हे आहेच, पण पावसाळ्यात ओल धरणारी, मुंग्या शिरणारी आणि बिघाड शोधताना तपासावी लागणारी जागाही तेवढी कमी.

शंका असेल तर ताडून बघा. तीन गोष्टींच्या ० आणि १ मिळून आठच स्थिती होतात. विहिरीत पाणी नाही अशा चार स्थितींत दोन्ही वाक्यं मोटार बंद सांगतात. पाणी असलेल्या चारपैकी, टाकी भरलेली आणि मोबाईलचा आदेश नाही, या एकाच स्थितीत बंद, उरलेल्या तिन्हींत चालू. लांब वाक्यही हेच सांगतं. आठही ठिकाणी उत्तर सारखं, म्हणजे दोन्ही वाक्यं एकच. गोष्टी चार झाल्या की १६ स्थिती, दहा झाल्या की १,०२४. तेवढ्या तपासत बसणं होत नाही, म्हणून नियम कामाला येतात.

घरात बारावी सायन्सचं पोर असेल तर त्याला हे दाखवा. आपल्या राज्य मंडळाच्या बारावी गणिताचा पहिलाच धडा मॅथेमॅटिकल लॉजिकचा आहे आणि त्यात खटक्यांची सर्किटं सोपी करायची उदाहरणं आहेत. मार्कांसाठी ती पाठ होतात, पण ती विहिरीवरच्या स्टार्टरमध्येच आहेत हे वर्गात क्वचितच कोणी सांगतं.

एका ठिकाणी मात्र हे गणित डोळे झाकून लावू नये. अ × अ = अ म्हणून दोन फ्लोट स्विच सिरीजमध्ये असतील तर एक काढून टाकावा का? गणित म्हणतं एक पुरे. पण गणितातले दोन अ म्हणजे तंतोतंत एकच गोष्ट. टाकीतले दोन फ्लोट वेगळे असतात, एक अडकला तर दुसरा काम करतो. जिथं जिवाचा किंवा मोटार कोरडी चालून जळायचा प्रश्न आहे, तिथं मुद्दाम ठेवलेला दुसरा खटका काढू नये. होल्डिंगचंही तसंच. त्याचं वाक्य आधी काय झालं होतं ते लक्षात ठेवतं, त्याला नुसतं आताच्या ० आणि १ वर खोडता येत नाही. कॉम्प्युटर आकडा लक्षात ठेवतो तोही अशाच, स्वतःला धरून ठेवणाऱ्या जोडणीनं.

सरकारी अटी वाचताना

वायरमध्ये चूक झाली तर मोटार सांगते. कागदावरची चूक कोणी सांगत नाही, हप्ता आला नाही की कळतं, नाहीतर घेतलेला परत मागितला की कळतं.

पहिली अडचण आपल्या भाषेचीच आहे. ‘चहा की कॉफी?’ म्हटलं की एकच घ्यायचं असतं. बूलच्या ‘किंवा’त दोन्हीही चालतात. ‘आधार किंवा मतदान कार्ड आणा’ असं लिहिलंय आणि तुम्ही दोन्ही नेलीत, तर कोणी परत पाठवत नाही. ‘आणि’चा घोळ याहून मोठा. ‘अल्पभूधारक व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांना लाभ’ असं लिहिलेलं असतं. अत्यल्प म्हणजे एक हेक्टरपर्यंत, अल्प म्हणजे एक ते दोन हेक्टर. एकच माणूस दोन्ही कसा असेल? तिथला ‘व’ गणितात ‘किंवा’ आहे. त्याच कागदावर खाली ‘सातबारा, आठ-अ व बँक पासबुक जोडावे’ असतं, तिथला ‘व’ मात्र खरोखरचा ‘आणि’. गट सांगताना ‘व’ आला तर बहुतेक वेळा तो ‘किंवा’ असतो, कागदपत्रं सांगताना आला तर ‘आणि’.

दुसरी अडचण अपात्रतेच्या यादीची. पीएम किसान योजना घ्या, वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. तिच्या मार्गदर्शक सूचनांत कोणाला मिळणार नाही याची यादी आहे. यादीत बरेच गट आहेत, इथं हिशोबासाठी त्यातले दोनच घेऊ. एक, मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरलेले. दुसरे, महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असलेले निवृत्त, पण त्यातून चतुर्थ श्रेणी, गट ड आणि मल्टी टास्किंग स्टाफ वगळून.

आयकर भरला याला क, १०,००० किंवा वर पेन्शनला प, निवृत्ती गट ड वगैरेतून झाली याला ड म्हणू.

अपात्र = क + प × (ड नाही)

आपल्याला हवं ते याच्या उलट, या दोन अटींत न अडकणारा कोण? डी मॉर्गन लावा. ‘किंवा’चा ‘आणि’ होईल, आतल्या ‘आणि’चा ‘किंवा’ होईल.

न अडकणारा = (क नाही) × ((प नाही) + ड)

मराठीत वाचायचं तर : आयकर भरलेला नसावा, आणि एकतर पेन्शन १०,००० च्या खाली किंवा नसावीच, किंवा असली तरी निवृत्ती गट डमधून झालेली असावी.

पारावर यावरून दोन चुका ऐकू येतात. ‘मी आयकर भरत नाही, म्हणजे मी बसतो.’ नाही, मधे ‘आणि’ आहे. २५,००० पेन्शन घेणारे गुरुजी आयकर भरत नसले तरी दुसऱ्या कंसात ० आला, उत्तर ०. दुसरी चूक उलट्या बाजूची : ‘पेन्शन दहाच्या वर गेली, म्हणजे नाव गेलं.’ जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेल्याला १४,००० पेन्शन आहे, नावावर जमीन आहे, आयकर नाही. क ०, म्हणजे ‘क नाही’ १. प १, म्हणून ‘प नाही’ ०, पण ड १, आणि ० + १ = १. दोन्ही कंस १, उत्तर १. या दोन अटींवर त्याचं नाव जात नाही.

ही योजना कुटुंब धरून चालते. नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब, आणि त्यातला एक जरी यादीतल्या गटात आला तरी सगळं कुटुंब बाहेर. म्हणजे कुटुंबाची अपात्रता माणसामाणसांत ‘किंवा’नं जोडलेली आहे, दोन लाल बटणांसारखी, कोणतंही एक दाबलं की बंद. त्याच शिपायाच्या बायकोनं त्या वर्षी आयकर भरलेला असेल, तर त्याचा १ कामाला येत नाही.